चार कप्पे कशासाठी?
लेखात माणसाच्या हृदयाचे चार कप्पे छान समजावलेत, पण चार कशासाठी, हे राहून गेलं. आमच्या रत्नागिरीच्या मुलांना ते बांगडा माशावरून चटकन कळेल. माशाच्या हृदयात एक अलिंद (रक्त आत घेणारा कप्पा), एक निलय (रक्त बाहेर ढकलणारा कप्पा). रक्त तिथून कल्ल्यांत जातं, प्राणवायू घेतं आणि हृदयाकडे न परतता थेट शरीरभर फिरतं. कल्ल्यांच्या केशवाहिन्यांत, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत, त्याचा दाब मात्र उतरतो. (ताजे कल्ले लालभडक दिसतात ते याच केशवाहिन्यांमुळे.) आपलं रक्त फुप्फुसांतून परत हृदयात येतं आणि पुन्हा जोरात ढकललं जातं, म्हणून दोन बाजू वेगळ्या लागतात; प्रत्येक बाजूला एक अलिंद, एक निलय, असे चार कप्पे. पावसाळी मासेमारी बंदी सोडली तर आमच्या मिरकरवाडा बंदरात मासळीची वाण नाही. शिक्षकांनी एक बांगडा वर्गात न्यावाच. हृदय कल्ल्यांच्या मागे, पोटाकडच्या बाजूला सापडतं.