कुठली डीपी?

आमच्या घराण्यात कुणी 'डीपी' म्हटलं की पुढची पाच मिनिटं खुलाशात जातात. काका गावाकडे शेती करतात, मेहुणा पुण्यात जागांचे व्यवहार बघतो, सासरे निवृत्तीनंतर शेअर बाजारात रमलेत आणि लेक कॉलेजात आहे. चौघांच्या चार डीप्या, आणि दुभाषा मी.

ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत काकांनी घरच्या ग्रुपवर रात्री टाकलं, "डीपी जळाली." लेकीनं विचारलं, "कुणावर?" आत्येबहिणीनं त्याच दिवशी महाबळेश्वरचा नवा फोटो लावला होता, ती ग्रुप सोडून गेली. सासऱ्यांचा थेट फोन, "आपले शेअर्स शाबूत आहेत ना?" मेहुण्याला वाटलं, शहराचा नकाशा जळाला. त्याला फारसं दुःख झालेलं दिसलं नाही.

गावाकडे डीपी म्हणजे रोहित्र, विजेचा ट्रान्सफॉर्मर. 'रोहित्र' फक्त सरकारी पत्रात असतं, शिवारात नाही. दोन खांब असतात म्हणून डबल पोल, असं एक वायरमन सांगतो. डिस्ट्रिब्युशनचा डबा असतो म्हणून डीपी, असं दुसरा. काकांना दोन्ही मतं मान्य आहेत, लाइट आली म्हणजे झालं. अकरा हजार व्होल्टची लाइन तिथं उतरते आणि मोटारींना झेपेल एवढी होते. पण ६३ केव्हीएच्या त्या बिचारीवर मोटारी किती असाव्यात? कागदावर तीन हॉर्सपॉवरची असलेली मोटार विहिरीवर पाचाची निघते. त्यात प्रत्येकाच्या पेटीत ऑटोस्विच. रात्री थ्री फेज आली की शेतकरी घरी घोरतोय आणि मोटारी मात्र एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि स्विच शेजाऱ्यानं काढावा यावर एकमत आहे. फ्यूज उडू नये म्हणून त्यात जाड तार घातलेली असतेच. मग जळायला उरतं कोण?

त्यानंतर वर्गणी, थकबाकी, ट्रॅक्टर कुणाचा आणि डिझेल कुणाचं. "पोरी, तू दिवसातून तीनदा डीपी कशी बदलतीस?" काकांनी लेकीला खरोखर कौतुकानं विचारलं. "आमची बदलायला निम्मं गाव लागतं."

लेकीच्या डीपीची गंमत वेगळीच. व्हॉट्सॲप स्वतः तिला प्रोफाइल फोटो म्हणतं. 'डिस्प्ले पिक्चर' हे नाव एमएसएन मेसेंजर आणि ब्लॅकबेरीच्या काळातलं. ती दोन्ही मेसेंजर कधीच बंद पडली, नाव मात्र आपल्याकडे राहायला आलं.

मेहुण्याचा डीपी पुल्लिंगी आणि भारदस्त: डेव्हलपमेंट प्लॅन, म्हणजे शहराचा विकास आराखडा. १९६६ च्या नगररचना कायद्यानं त्याची फेरतपासणी वीस वर्षांतून एकदा व्हायला हवी. म्हणजे बदलाच्या बाबतीत काकांची डीपी त्याच्यापुढे चपळच. त्यातल्या रस्त्याला डीपी रोड म्हणतात. "प्लॉट डीपी रोडला लागून आहे," असं मेहुणा म्हणाला की तो रस्ता डोळ्यांनी दिसेलच असं समजू नये. जे झाले त्यांचं नावही पुण्यात तेच राहिलं. एक म्हात्रे पुलाजवळ, एक औंधात, एक कोथरूडला. चुलतभावाचं लग्न म्हात्रे पुलाजवळ होतं. मुलीकडचे निम्मे वऱ्हाडी औंधात कार्यालय शोधत फिरले. काका मात्र पाटी बघून भारावले होते. "शहरात डीपीची केवढी कदर आहे! रस्त्याला नाव दिलंय."

उरले सासरे. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअरची कागदं गेली, खाती आली, आणि आपल्या व शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीच्या मधे जो बसतो तो डिपॉझिटरी पार्टिसिपंट. शेअर विकले की हा आपला आकार कापून घेतो. आकडा लहानच, पण सासरे तो वहीत लाल शाईनं लिहितात. "डीपी गुपचूप पैसे काढतो," असं ते जेवताना म्हणाले. काका म्हणाले, "आमच्याकडं चोर गुपचूप डीपीतनं तेल काढत्यात. तांब्याची तार पण." दोघांचं चांगलं जमलं. अर्धा तास दोघंही एकमेकांना दुजोरा देत होते. मी मधे पडलो नाही.

आता धाकट्या चुलतबहिणीला स्थळ आलंय. मुलगा मुंबईत सिनेमावाल्यांकडे डीपी आहे, म्हणजे कॅमेऱ्याचा सगळा कारभार त्याच्या हातात, असं मध्यस्थानं फोनवर सांगितलं. आवाज तुटत होता, काकांना पहिलं वाक्य अर्धंच ऐकू आलं. त्यांनी फोन घट्ट धरला.

"डीपीवर आहे? बरं बरं. कायम आहे का कंत्राटी?"