दलाल नको, पण कागद आधी बघा

एजंटशिवाय घर विकायला जाऊच नये, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं मला पटलं नाही. कोथरूडचा आमचा जुना वन बीएचके आम्ही स्वतःच विकला. 70 लाखांवर 2 टक्के, म्हणजे 1 लाख 40 हजार दलाली वाचली. गिऱ्हाईक तर सोसायटीतूनच मिळालं. अडलो ते कागदांवर. शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटी सभासदाला देते त्या दाखल्यावर, अजून सासऱ्यांचंच नाव, त्यांना जाऊन सहा वर्षं झालेली! ते बदलून घेईपर्यंत खरेदीदाराच्या बँकेने कर्ज अडवून धरलं. म्हणून कळकळीने सांगते, जाहिरात देण्याआधी इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र), बिल्डरपासूनचे सगळे करार एका फाइलला लावा. वकिलाच्या फीमध्ये मात्र काटकसर नको. आणि 50 लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात खरेदीदार 1 टक्का टीडीएस, म्हणजे सरकारकडे भरायचा कर, आपल्या पैशांतून कापतो, ते भाव ठरवतानाच बोलून घ्या.