फुल सस्पेन्शन चढावर ‘ताकद खातं’ म्हणे!

ट्रेल बाइक, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवर चालवायची सायकल, घ्यायचा विचार कुणी नुसता बोलून दाखवला, की त्याच्याकडे एक ठरावीक मजकूर हमखास येऊन पडतो. थोडक्यात तो असा: फुल सस्पेन्शन (पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना धक्के शोषणारी यंत्रणा) म्हणजे दिखावा. पायांची निम्मी ताकद मागचा शॉकच गिळतो. वजन दोन किलोंनी जास्त, म्हणजे चढावर मेलातच. तिच्यावर शिकलेल्याला वाट निवडायची अक्कल कधी येत नाही. देखभाल करता करता जीव जातो. आणि एकाच मॉडेलबद्दल चालवणाऱ्यांची मतं बघा, एक म्हणतो फारच मऊ, दुसरा म्हणतो फारच कडक, म्हणजे डिझाइनच फसलेलं. इतकं सांगूनही घ्यायचीच असेल तर निदान 160 मिलिमीटर ट्रॅव्हलची, म्हणजे चाक तेवढं वरखाली हलू शकेल अशी घ्या.

यात थोडं खरं आहे, ते कुठलं हेही ओघात येईल. बराचसा भाग मात्र जुन्या बाइकांवरून आणि न जुळवलेल्या बाइकांवरून काढलेला निष्कर्ष आहे.

आधी ताकदीचं घेऊ, कारण बाकीचा डोलारा त्याच खांबावर उभा आहे. ही तक्रार हवेतून आलेली नाही. 1990च्या दशकातल्या बऱ्याच फुल सस्पेन्शन बाइका खरोखरच पेडलगणिक उठाबशा काढायच्या. मागचं चाक ज्या सांध्यावर वरखाली होतं तो पिव्हट कुठे बसवायचा याचं गणित कच्चं होतं आणि स्प्रिंगची उसळी आवरणारा डँपरही बाळबोध. आजही शॉकच्या नावाखाली नुसती स्प्रिंग अडकवलेल्या, डँपिंगचा पत्ता नसलेल्या बाइका मिळतात. त्यांच्याबाबतीत मजकुरातलं अक्षर न् अक्षर खरं धरा. तसलं काही घेण्यापेक्षा बरी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली बाइक) केव्हाही चांगली. पण धड बनवलेल्या ट्रेल बाइकचा निवाडा त्यावरून कसा करणार?

पेडलवर जोर दिला की बाइक पुढे झेपावते आणि भार मागच्या चाकाकडे सरकतो. तेवढ्याने शॉक दबायला बघतो. त्याच क्षणी चेनही ताणली जाते. पिव्हटची जागा नीट साधलेली असेल तर चेनचा ओढा आणि चाकाचा रेटा मिळून मागचं चाक खाली जमिनीकडे दाबतात, म्हणजे शॉकला ताणायला बघतात. दबणं आणि ताणणं बरोबरीला आलं की शॉक जागचा हलत नाही. याला अँटी-स्क्वॉट म्हणतात, आणि बरोबरी झाली की तो 100 टक्के धरतात. स्वार बसल्यावर शॉक जिथे स्थिरावतो, तिथे हा आकडा शंभरच्या आसपास ठेवायचा बहुतेक ट्रेल बाइकांचा प्रयत्न असतो. हॉर्स्ट लिंक, व्हीपीपी, डीडब्ल्यू-लिंक अशा मागच्या सस्पेन्शनच्या रचना असोत किंवा सरळ एकच पिव्हट, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, खटपट तीच. अर्थात फुकट काही मिळत नाही. अँटी-स्क्वॉट फार वाढवला तर चाक दगडावर चढताना चेन खेचली जाते आणि पेडल पायाखाली मागे झटका देतं. शिवाय हा आकडा गिअरप्रमाणे बदलतो. त्यामुळे एकाच बाइकवर एका गिअरमध्ये शॉक शांत आणि दुसऱ्यात थोडा चुळबुळता, असं होऊ शकतं.

उभं राहून हाणलं तर मात्र शॉक हलणारच. तिथे स्वाराचं अख्खं अंग वरखाली होतं आणि ते आवरणं चेनच्या हातात नाही. बऱ्याच शॉकवर तो कडक करणारी एक छोटी खटकी असते ती त्याचसाठी. गुळगुळीत रस्त्यावर ती फिरवून टाका. खडबडीत चढावर फिरवू नका. तिथे शॉक उघडा ठेवण्यातच फायदा आहे, आणि हीच बाजू मजकुरात गायब आहे.

तीव्र चढ, मधे दोन ओली मुळं आडवी. हार्डटेलवर बसून पेडल मारत आलात तर मागचं चाक मुळावर आदळतं, सीट खालून ढकलते, चाक क्षणभर हवेत जातं आणि टेकताना अर्धा वेढा जागेवरच फिरतं. त्या अर्ध्या वेढ्यात गेलेली ताकद कुठल्या हिशेबात धरायची? फुल सस्पेन्शनवर चाक तेवढंच वर जातं, स्वार जवळपास जिथल्या तिथे राहतो आणि चाक मुळाच्या पलीकडच्या मातीला लगेच चिकटतं. दगडधोंड्यांवर हार्डटेल दर धक्क्याला स्वाराला आणि बाइकला थोडं वर उचलते. ते उचलणं पुढे जाण्याच्या वेगातूनच वळतं होतं. शॉकमध्ये गेलेली ताकद डोळ्यांना दिसते, अंगात जिरलेली दिसत नाही, इतकाच फरक.

शब्दांवर विश्वास नसेल तर शर्यती बघा. 2012च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत यारोस्लाव कुल्हावी फुल सस्पेन्शनवर होता आणि निनो शुर्टर हार्डटेलवर. कुल्हावी एका सेकंदाने जिंकला. (तिसरा आलेल्या मार्को फोंतानाने शेवटचा टप्पा सीट निघून गेलेल्या बाइकवर काढला, पण ते सस्पेन्शनच्या खात्यात टाकता येणार नाही.) 2016ला रिओमध्ये शुर्टर स्वतःच फुल सस्पेन्शनवर आला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. पुढे टोकियोत टॉम पिडकॉक जिंकला, तोही फुल सस्पेन्शनवरच. आता एका सेकंदाच्या फरकाने काही सिद्ध होत नाही. पण ज्यांना चढावरच्या क्षणाक्षणाचा हिशेब ठेवावा लागतो ती मंडळी निम्मी ताकद फेकून देणारी बाइक पुन्हा पुन्हा कशाला निवडतील? या बाइका ट्रेल बाइकपेक्षा हलक्या असतात, ट्रॅव्हल साधारण 100 ते 120 मिलिमीटर, आणि शॉक कडक करायची कळ हँडलवरच असते, हे मान्य. तत्त्व तेच आहे.

वजनाचा मुद्दा आकड्यांत फार टिकत नाही. एकाच दर्जाच्या दोन बाइकांत दोन किलोंचा फरक धरू. स्वार 75 किलोंचा, बाइक एकदा 13 किलोंची, एकदा 15 किलोंची. एकूण 88 विरुद्ध 90, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. गुळगुळीत तीव्र चढावर तासाभराच्या चढाईत हा फरक दीड मिनिटाच्याही आत राहतो. शर्यत खेळणाऱ्याला दीड मिनिट म्हणजे आयुष्य. बाकीच्यांचा त्याहून जास्त वेळ माथ्यावर फोटो काढण्यात जातो. बाइक खांद्यावर टाकून चालायची वेळ आली तर मात्र ते दोन किलो जाणवतात, त्याबद्दल वाद नाही.

आता मतांचं. मजकुरातला सगळ्यात हुशार वाटणारा आणि सगळ्यात पोकळ मुद्दा हाच आहे. एकाच मॉडेलला कुणी मऊ म्हणतं, कुणी कडक, हे खरंच घडतं. फुल सस्पेन्शन बाइक स्वाराच्या वजनाप्रमाणे जुळवावी लागते. ती न जुळवता दिलेलं मत म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून काच खराब आहे म्हणण्यातला प्रकार. मागच्या चाकाचा ट्रॅव्हल 140 मिलिमीटर आणि शॉकचा स्ट्रोक (शॉक स्वतः किती दबू शकतो ते) 55 असेल, तर शॉक एक मिलिमीटर दबताना चाक सरासरी अडीच मिलिमीटर हलतं. म्हणजे शॉकमधल्या हवेतली लहानशी चूक चाकापाशी मोठी होऊन पोचते. 60 किलोंच्या माणसाने 95 किलोंच्या माणसासाठी भरलेली हवा तशीच ठेवली तर त्याला ती बाइक कडकच वाटणार, आणि उलट झालं तर दुसरा म्हणणार, ‘ही तर बसतेच’. दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांच्याही मतात बाइक फारशी नाही.

मत वाचताना मी आधी तीन गोष्टी शोधतो: स्वाराचं वजन, सॅग किती ठेवला आणि ट्रेल कसला. तिन्ही नसतील तर पुढे सरकतो.

सॅग म्हणजे स्वार नुसता बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते. ट्रेल बाइकला मागे साधारण 25 ते 30 टक्के, पुढे त्याहून थोडा कमी. मोजायला शॉकच्या चकचकीत दांड्यावरची रबरी ओ-रिंग असते. ती सीलला टेकवायची, रोजच्या कपड्यांनिशी, हेल्मेट-पाण्यासह बाइकवर हळूच बसायचं, उसळी न मारता उतरायचं आणि ओ-रिंग किती सरकली ते बघायचं. 55 मिलिमीटर स्ट्रोकला 30 टक्के म्हणजे साडेसोळा मिलिमीटर. एवढंच काम, पण त्यातही हमखास गफलत होते. हवा भरल्यावर शॉक काही वेळा सावकाश दाबून सोडायला हवा, तरच आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब सारखा होतो. हे न केल्यास आकडा फसवा येतो. दुसरी गफलत पंपाची. पंप काढताना फुस्स होतं ती हवा बहुतेक नळीतली असते, शॉकमधली नव्हे. पुन्हा लावून बघितलं तर काटा खाली दिसतो, कारण नळी भरायला शॉकमधलीच हवा लागते. लोक घाबरून आणखी हवा भरतात आणि मग शॉक कडक आहे म्हणून बोंबलतात.

रिबाउंडचंही, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परततो त्याचंही तेच. लाल गुंडी एका टोकाला असेल तर शॉक इतक्या जोरात परततो की उतारावर मागचं चाक लाथ मारतं. दुसऱ्या टोकाला असेल तर एका दगडातून सावरायच्या आत दुसरा येतो, शॉक खाली खाली बसत जातो आणि पाचव्या-सहाव्या दगडाला त्यात ट्रॅव्हलच उरत नाही. मऊ ठेवलेली बाइक कडक लागण्यामागे बरेचदा हेच असतं. आणि टायर! टायरमध्ये हवा ठासून भरलेली असेल तर बारीक खडीची थरथर थांबवणं कुठल्याच शॉकला जमत नाही. शॉकला नावं ठेवण्याआधी टायरची हवा तपासा.

कौशल्याच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे. हार्डटेल चुकीची शिक्षा जागच्या जागी देते, त्यामुळे वाट निवडायची सवय लवकर लागते. पण वळणावर बाइक कलती करणं, नजर लांब ठेवणं, ब्रेक कुठे सोडायचा हे ओळखणं, यातलं एकही काम शॉक तुमच्यासाठी करत नाही. उलट खडबडीत उतारावर मागचं चाक जमिनीला धरून राहिलं तर ब्रेक नीट लागतो, आणि शिकाऊ माणसाला घाबरून आवळण्याऐवजी ब्रेक कसा लावायचा ते समजून घ्यायला सवड मिळते. हार्डटेलची आणखी एक गंमत कुणी सांगत नाही. ती फक्त पुढून दबते. पुढचा फोर्क खाली गेला की हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी होणारा कोन) ताठ होतो, म्हणजे उतार जितका वाईट तितकी बाइक चंचल. फुल सस्पेन्शन दोन्हीकडून बसते, त्यामुळे तिची ठेवण कमी बिघडते. ज्याला हार्डटेल आवडते त्याने जरूर तीच चालवावी, मलाही आवडते. पण तिला शाळा आणि दुसरीला लाड म्हणायचं कारण नाही.

‘निदान 160ची घ्या’ हा सल्ला तर मजकूर स्वतःच स्वतःला खोडतो. शॉक ताकद खातो म्हणायचं आणि मग जास्त शॉकवाली सुचवायची! ट्रॅव्हल वाढतो तसे वजन आणि लांबी वाढतात, हेड अँगल झोपतो, आणि साध्या वळणावळणाच्या ट्रेलवर बाइक सुस्त होते. 120 ते 150 हा ट्रेल बाइकचा पट्टा आहे तो उगाच नाही. राइड संपल्यावर ओ-रिंग बघा. एखाद्या मोठ्या धक्क्याला ती टोकाच्या जवळ गेली असेल तर ट्रॅव्हल पुरेपूर वापरला जातोय. कधीच अर्ध्यापुढे जात नसेल तर हवा जास्त आहे, किंवा ट्रेलला न लागणारी बाइक तुम्ही ओढताय.

देखभालीत मजकूर बरोबर आहे, फक्त भीती जरा जास्त घातलीय. पिव्हटची बेअरिंग, शॉकचे सील, बोल्टचे टॉर्क, हे सगळं हार्डटेलला नसतं आणि इथे असतं. बऱ्याच फोर्कना आणि शॉकना 50 तास चालवल्यावर छोटी सर्व्हिस सांगितलेली असते. त्यात तेल बदलणं आणि सील साफ करणं येतं. आतला डँपर उघडायचा मोठा कार्यक्रम त्याहून बऱ्याच उशिरा. छोटी सर्व्हिस चुकवलेल्यांचा शॉक आधी बारीक खडीवर अडखळायला लागतो, मग सील तेल गाळतात, आणि मग दांड्यावर ओरखडे पडतात, ते मात्र महागात जातं. बेअरिंग मारायचा सोपा मार्ग म्हणजे जोराच्या पाण्याचा फवारा थेट पिव्हटवर धरणं. बादली आणि ब्रश घ्या. दर राइडनंतर दांडे फडक्याने पुसा. अधूनमधून मागचं चाक हातात धरून आडवं हलवून बघा. खटखट लागली तर बोल्ट किंवा बेअरिंग. आणि पेडलगणिक करकर ऐकू आली म्हणून लगेच पिव्हटला दोष देऊ नका. आधी पेडल काढून त्याच्या आट्यांना ग्रीस लावा, मग सीटपोस्ट आणि सीटचा क्लँप बघा.