शेवट माहीत असूनही

"शेवट माहीत असलेली गोष्ट कोण वाचतं रे?" परवा एका मित्राने विचारलं. तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आज लिहितोय.

मायकल जे. सुलिव्हन यांची 'लिजंड्स ऑफ द फर्स्ट एम्पायर' ही सहा भागांची फँटसी कादंबऱ्यांची मालिका (२०१६ ते २०२०) नुकतीच संपवली. त्यांनीच आधी लिहिलेल्या 'रायरिया' मालिकेतल्या घटनांच्या सुमारे तीन हजार वर्षं आधीचा हा काळ. रायरियात साम्राज्याचा संस्थापक म्हणजे साक्षात देवाचा मुलगा, त्याच्या नावाने धर्म चालतो. इथे ते साम्राज्य उभं राहताना दिसतं. शेवटचे दोन भाग मी रावेरकडे आमच्या केळीत वाचले. त्या आठवड्यात थ्री फेजची लाईट रात्रीची होती. मोटर चालू करायची, बांधावर बसून मोबाईलवर वाचायचं, मधूनच ठिबकचा वॉल बदलायला उठायचं.

या मालिकेत साम्राज्य कुणा एकट्या वीराच्या तलवारीवर उभं राहत नाही. गावप्रमुखाची विधवा पर्सेफोनी विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणते. गुलामीत मार खाल्लेली, कुणी हात लावला तरी दचकणारी रोन चाक आणि धनुष्यबाण घडवते. आणि ब्रिन! टोळीच्या साऱ्या गोष्टी तोंडपाठ ठेवणं हे तिचं काम. सांगणारा मेला की गोष्टही मरते हे तिला कळतं आणि ती लिहायला लागते. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला तिच्या ग्रंथातल्या दोन-चार ओळी येतात. पुढे तीन हजार वर्षांनी लोकांच्या तोंडी काय उरलं हे आपल्याला माहीत असतं, म्हणून त्या ओळी वाचताना घशात आवंढा येतो. शेवट माहीत नसता तर हे झालंच नसतं.

मला हे इतकं लागलं त्याचं कारण आजी. रात्री अंगणात ती आसा अहिराची गोष्ट सांगायची. हजारो गुरांचा धनी, दुष्काळात लोकांना जगवणारा. त्याचा बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड हातचा जाणार हे ठाऊक असूनही आम्ही दर वेळी विचारायचो, "मंग काय व्हयनं?" जुना इतिहासकार फरिश्ता याने लिहून ठेवलंय की थाळनेरच्या फारुकी घराण्यातल्या नासिर खानाने आसाला बायकामुलांना आसरा द्या म्हणून निरोप धाडला, आणि डोल्यांतून सैनिक उतरले. स्वागताला पुढे आलेला आसा मुलांसह मारला गेला. पुढे नासिर खानाने बुऱ्हाणपूर वसवलं, फारुकींचं खानदेशातलं राज्य दोनशे वर्षं चाललं, १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला.

थाळनेरला तापीकाठी फारुकींच्या कबरी आजही उभ्या आहेत. आसाची कबर नाही, समाधी नाही. गडाच्या नावातला 'असीर' तेवढा त्याचा, तोही लोकांनी जपलेला. खानदेश हे नाव तरी कुठून आलं? खानावरून की कान्हावरून, यावर अजून वाद चालतो.

म्हणून राज्य कसं स्थापन झालं ही गोष्ट फक्त गादीवर बसणाऱ्याच्या बाजूने सांगितली की मला ती अर्धीच वाटते. सुलिव्हन यांनी उरलेली अर्धी सांगितली. मधले भाग लांबलेत, चौथा तर फारच, पण रोन आणि ब्रिनसाठी मी सहाही परत वाचेन.

त्या मित्राला पहिला भाग, 'एज ऑफ मिथ', कालच देऊन आलोय.