आमची आज्जी त्यागमूर्ती नव्हती, खमकी होती

एका लेखात लेखकानं आपल्या आजीला 'त्यागमूर्ती' म्हटलंय; ती सगळ्यांना जेवू घालून उरलंसुरलं खायची, हे वाचलं आणि आमची आज्जी आठवली. आम्ही लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. कामावर मिळालेली सुकडी (खायचं कोरडं पीठ) पदराला बांधून लेकरांसाठी आणायची, असं वडील सांगतात. लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी थापताना तुटायची, तेव्हा मात्र तिच्या ठेवणीतल्या शिव्या निघायच्या!

वेळ अमावस्येला, म्हणजे शेतात पूजा करायच्या आमच्याकडच्या सणाला, तिचा खरा थाट. आदल्या दिवशीच तुरीच्या, वालाच्या शेंगा, वाटाणा, हरभरा सोलायला आम्हाला बसवायची. पहाटे चुलीवर त्या दाण्यांची बेसन-चिंच घातलेली भज्जी (पातळ भाजी), बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे), मडक्यात आंबील. शेतात कडब्याच्या कोपीत (खोपटात) पूजा झाली की, "घे रे बापू, लाजतूस काय?" म्हणत वाढत सुटायची. सुना म्हणायच्या, "आत्याबाई, आता बसा की." बसेल तर शपथ.

तरी लेखातला 'त्यागमूर्ती' हा शब्द काही पटला नाही. आमच्या आज्जीनं तलाठ्याकडे जायच्या आधीच दोन्ही लेकांना बांधावर उभं करून शेताची वाटणी केली. विहिरीकडची बाजू धाकट्याला, कारण त्याला लेकरं जास्त. आमच्या वडिलांनी चकार शब्द काढला नाही.