पहिल्याच दिवशी उचलून आपटणारा क्लास ‘खरा’ नसतो

‘मुलाला ज्युदो-कुस्तीला घालताय? खरा क्लास ओळखायच्या पाच खुणा’ हा संदेश सगळीकडे फिरतोय. काल तो बहिणीने मला पाठवला. भाचा अकरा वर्षांचा आहे आणि पुढच्या आठवड्यात त्याचं नाव घालायचंय, म्हणून हे लगेच लिहितोय.

पहिली खूण : ‘खरा गुरू पहिल्या दिवशी उचलून आपटतो. महिनाभर नुसतं पडायला शिकवणारे पैसे काढतात.’

हे वाक्य मुलाच्या जिवावर बेतू शकतं. जपानमध्ये १९८३ ते २०११ या २९ वर्षांत शाळेतल्या ज्युदोत ११८ मुलं दगावली. नागोया विद्यापीठाचे रयो उचिदा यांनी ही आकडेवारी लोकांपुढे आणली. बहुतेक मृत्यू डोक्याच्या इजेने झाले, आणि मरणाऱ्यांत पहिल्या वर्षाची, म्हणजे नुकती शिकायला लागलेली मुलं ठळकपणे जास्त होती. ज्युदोच्या मायदेशात, ज्युदोच्या मॅटवर हे घडलंय.

कारण सरळ आहे. ओसोतो-गारीसारख्या डावात पाय मागून छाटला जातो आणि माणूस पाठीवर पडतो. हनुवटी छातीला लावायची सवय नसेल तर मान मागे झटकते. डोकं जमिनीला लागू शकतं, पण न लागताही त्या झटक्याने मेंदूवरची रक्तवाहिनी फाटू शकते. म्हणून आधी उकेमी, म्हणजे पडण्याची कला. क्रम असा : झोपून, मग उकिडवं बसून, मग उभं राहून, शेवटी जोडीदाराबरोबर. नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. हात अंगापासून थोडे लांब, तळवे खाली, संपूर्ण हात मॅटवर आपटायचा. हात मागे टेकवला की मनगट नाहीतर कोपर जातं. आणि टाकणाऱ्यालाही शिकवावं लागतं : समोरच्याची बाही सोडायची नाही, शेवटच्या क्षणी वर ओढायची. क्लास बघायला जाल तेव्हा एवढंच बघा, बाही धरून ठेवतात की सोडून देतात. पडल्यावर डोकं दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला पुन्हा मॅटवर उभं करणाऱ्या क्लासमधून त्याच दिवशी बाहेर पडा. उलटी किंवा गुंगी आली तर थेट हॉस्पिटल.

या पहिल्या खुणेत अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. ज्या क्लासात समोरचा कधीच विरोध करत नाही, नुसती प्रात्यक्षिकं चालतात, तिथे काही शिकणं होत नाही. १८८२ मध्ये ज्युदो सुरू करणाऱ्या जिगोरो कानो यांनीही रांदोरीला, म्हणजे मोकळ्या झटापटीला, मोठं स्थान दिलं. पण ती पडता आल्यानंतर.

दुसरी खूण : ‘टॅप करणारा भित्रा.’ टॅप म्हणजे हाताने थोपटून ‘हरलो, सोड’ असं सांगणं. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या की दहाएक सेकंदांत शुद्ध जाते; कोपराच्या पेचात तर दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. लवकर टॅप करणाराच उद्या सरावाला येतो.

तिसरी : ‘वर्षात ब्लॅक बेल्टची हमी.’ ब्राझिलियन जिउ-जित्सू या ज्युदोतूनच निघालेल्या, जमिनीवरच्या पेचांच्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत निळा पट्टा १६ वर्षांआधी मिळत नाही, काळा १९ आधी नाही. साधारण खेळाडूला निळ्यात किमान २ वर्षं, जांभळ्यात दीड, तपकिरीत १ वर्ष काढावं लागतं. हमी देणारा पट्टा विकतोय.

चौथी : ‘गुरूचे कान सुजून गोळा झालेले असावेत.’ असा माणूस बरीच वर्षं लढलाय, हे बहुधा खरं. त्याला शिकवता येतं का, हे कानावरून कळत नाही. कानात साचलेलं रक्त डॉक्टरने वेळेत काढून पट्टी दाबून बांधली तर कान वाचतो, हे तो मुलांना सांगतो का, ते विचारा.

पाचवी : ‘मॅट कुठलीही चालते.’ नाही. कराटेची २० मिलिमीटर जाडीची मॅट डाव टाकायला पुरत नाही, ४० लागते. दोन तुकड्यांच्या फटीत पायाचा अंगठा अडकला की गुडघा पिरगळतो. भिंत आणि खांबांना गादी हवी. मॅट रोज जंतुनाशकाने पुसतात का, हेही विचारा. गजकर्ण अशा मॅटवरूनही घरी येतं. वर्षाची फी आधी भरू नका, महिन्याची भरा आणि पहिले दोन तास बाजूला बसून बघा.