पाय हलतात म्हणजे जनावर शुद्धीवर असतं?

कत्तलखान्यात उलटं टांगलेलं जनावर मागचे पाय जोरात झाडतंय, अशा व्हिडिओखाली ‘जिवंत सोलतायत, सरकारी निरीक्षक नुसता बघतोय’ असं लिहून तो फिरवला जातोय. नुसत्या पायांच्या हालचालीवरून असा निष्कर्ष काढता येत नाही.

कापण्याआधी जनावराला बेशुद्ध करायला कॅप्टिव्ह बोल्ट, म्हणजे कपाळावर धातूचा दांडा जोरात आदळणारं पिस्तुलासारखं साधन वापरतात. त्याचा फटका मेंदूवर बसतो, मणक्यातला मज्जारज्जू मात्र काही काळ शाबूत राहतो. मेंदूचा लगाम सुटला की तोच पाय उडवतो, कधीकधी एखाद्या माणसाला लागेल इतक्या जोरात. बघायला भयंकर वाटतं, हे मान्य. म्हणूनच जाणकार पशुवैद्यक पायांकडे नाही, डोक्याकडे बघतो. मान सैल लोंबतेय का, जीभ ढिली पडलीय का, डोळ्याला बोट लावल्यावर पापणी मिटते का, छाती लयीत वरखाली होतेय का.

पापणी मिटली, श्वास लयीत चालू असला किंवा जनावर पाठ कमानीसारखी वाकवून डोकं वर उचलू लागलं, तर बेशुद्धी फसली. अशा वेळी लगेच दुसरा फटका द्यायला हवा. तो न देता काम पुढे चालू ठेवलं, तर तक्रार रास्तच आहे. फिरणाऱ्या व्हिडिओत डोकं चौकटीबाहेर आहे.